रायफल सांगतो, पण आधी सह्या कोणाच्या घेशील ते बघ

कुडाळच्या एका मुलाचा निरोप आला: ‘काका, कॅनडाचं पीआर झालं, आता तिकडे कायमचं राहता येईल. मार्चमध्ये बायकोला घेऊन एडमंटनला येतोय. एनसीसीत .22 रायफल मारलीय, घरी आजोबांची दुनळी आहे. तिकडे एक .22 आणि एक बाराबोर तर घेईनच, पण त्यांच्या जोडीला सगळ्या कामांना चालेल अशी एकच रायफल घ्यायची झाली तर कोणती? .308, .30-06 की 6.5 क्रीडमोर? आणि तिकडे एकटं वाटतं का हो?’

काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो. शेवटचा प्रश्न आधी उरकतो. वाटतं. सगळ्यांना वाटतं. बूट चांगले घे. झालं.

लायसन्सचा कोर्स, फी, अर्ज हे सगळं सरकारने नीट लिहून ठेवलंय, ते तिथे वाच. पिस्तुलाचं स्वप्न असेल तर ते कुडाळलाच ठेवून ये, 21 ऑक्टोबर 2022 पासून हँडगनची खरेदी-विक्री गोठवली आहे. सेमी-ऑटोच्या, म्हणजे दर बारानंतर आपोआप भरणाऱ्या रायफलींच्या, वाटेलाही जाऊ नकोस. 1 मे 2020 ला एका आदेशात दीड हजार मॉडेलं बंद झाली आणि पुढे ती यादी वाढतच गेली. आमच्या नेमबाजीच्या रेंजवर दोघांच्या कपाटात अशा रायफली पडून आहेत, वापरता येत नाहीत आणि विकताही येत नाहीत. तू साधी बोल्ट अ‍ॅक्शन घे, दर बारानंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायची.

आणि तू विचारलेल्या तीन काडतुसांपैकी .308 घे. मी आधी .30-06 घेतली होती. दुकानात शेजारी उभा असलेला माणूस म्हणाला, ‘मूस मारायचा तर हीच.’ मी तोवर मूस, म्हणजे इथलं सगळ्यात मोठं हरीण, फक्त रस्त्याकडेच्या पिवळ्या पाटीवर पाहिला होता, आणि आजतागायत एकही मारलेला नाही. दोन्ही काडतुसांत गोळी एकाच जाडीची. .30-06 हे 1906 सालचं, त्याचं कवच लांब, दारू जास्त, धक्का जास्त. .308 हे 1952 सालचं, आखूड कवचाचं, त्यामुळे बोल्टही आखूड. तीनशे मीटरच्या आत साध्या हरणाला काय किंवा एल्क या थोराड हरणाला काय, फरक कळत नाही. तुझ्या खांद्याला मात्र कळतो. धक्क्याची भीती एकदा अंगात बसली की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, आणि ती खोड काढायला मला दोन उन्हाळे लागले. 6.5 क्रीडमोर गुणी आहे, लांबच्या नेमबाजीला तर झकासच, पण तुझी ही एकुलती मोठी रायफल असणार आहे. .308 ची काडतुसं कुठल्याही गावात मिळतात. इथे कॅनेडियन टायर नावाचं दुकान आहे. नाव टायरचं, पण त्यात सायकली, किटल्या आणि काडतुसंही. .223 स्वस्त पडते म्हणून कोणी सांगेल, पण आपल्या अल्बर्टा प्रांतात मोठ्या जनावरावर .23 पेक्षा बारीक गोळी चालत नाही. म्हणजे ती कोल्ह्यासारख्या कोयोटीपुरतीच.

दस्ता लाकडी घेऊ नकोस. दिसतो छान, मला कळतं, तुझ्या आजोबांच्या दुनळीचा दस्ता आठवत असेल. पण ओल्या बर्फात लाकूड फुगतं आणि नेम सरकतो. प्लास्टिकचा दस्ता, स्टेनलेसची नळी, वर तीन ते नऊ पटीची साधी दुर्बीण.

आता जे कोणी सांगत नाही ते. या रायफली सहा फुटी माणसाच्या मापाने बनतात. आपली उंची, आपले हात, वर हिवाळ्याचं जाडजूड जाकीट. मग दस्ता खांद्याला लागतो पण डोळा दुर्बिणीपर्यंत पोचत नाही, आणि आपण मान पुढे काढतो. माझ्या उजव्या भुवईवर अर्धचंद्र आहे तो त्याचाच. बार काढला आणि दुर्बिणीची कड येऊन बसली. रक्त गळ्यापर्यंत. सोमवारी वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी बघितलं आणि कोणी काही विचारलं नाही, कारण इथे प्रत्येकाला तो व्रण कशाचा ते माहीत असतं. कोपर काटकोनात वाकवून खोबणीपासून चापाच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माप घे, आणि ते जाकीट घालून घे. गरज पडली तर पोरांच्या मापाचा आखूड दस्ता घे, लाज बाळगू नकोस.

थंडीत बोल्टमधलं तेल पुसून टाक. उणे पंचवीसला ते मधासारखं होतं. चाप ओढलास तरी नुसता मऊ ‘टक’ येतो आणि हरीण वळून बघतं. घरी आल्यावर रायफल लगेच पिशवीतून काढू नकोस, गरम हवा लागली की लोखंडाला घाम फुटतो. पिशवीतच तीन-चार तास राहू दे, मग पूस.

रायफल संपली. आता कागद.

आपल्या नावाची गंमत तुला कळायची आहे. पासपोर्टवर वडिलांचं नाव आपल्या नावाला चिकटून येतं. इथे कोर्सला गेलो तर मास्तर मला दिवसभर माझ्या बाबांच्या नावाने हाक मारत होता. मी ओ देत होतो. बाबा तेव्हा हयात होते, फोनवर सांगितल्यावर खूप हसले. पण ड्रायव्हिंग लायसन्सवर एक नाव, कोर्सच्या निकालावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. या तिन्हींतला माणूस एकच आहे हे पटवायला मला साडेतीन महिने लागले. तुझं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहायला पहिल्या दिवसापासून लाग, विमानतळावरच.

मग अर्ज. त्यात दोन संदर्भ लागतात, म्हणजे तुला ओळखणारी दोन माणसं. ही ओळ मी वाचली आणि पेन खाली ठेवलं. 2012 साल. रेड डिअरला येऊन दोन वर्षं झाली होती. (या गावाचं नावही चुकून पडलंय, जुन्या इंग्रज-स्कॉटिश व्यापाऱ्यांना एल्क बघून त्यांच्या देशातलं तांबडं हरीण वाटलं.) मला नावाने ओळखणारे पुष्कळ होते. मालक होता, फोरमन होता, बँकेतली बाई होती. पण हा माणूस कसा आहे, याच्या हातात बंदूक द्यावी का, हे सांगू शकेल असा एकही नव्हता. भोसरीच्या कारखान्यात असतो तर चाळीस सह्या आणल्या असत्या. इथे मी यादी काढायला बसलो आणि कागदावर एकच नाव आलं, तेही घरमालकाचं.

म्हणून मी आधी रेंजवर जायला लागलो. रायफल नसताना. नुसता बघायला, कॉफी प्यायला. तिथे एक युक्रेनी वंशाचा म्हातारा शेतकरी होता. तो बाकावर सरकला, जागा करून दिली आणि त्याची .22 माझ्या हातात ठेवली. म्हणाला, ‘तू चाप ओढतोस. दाब.’ त्या उन्हाळ्यात आम्ही मिळून शंभर शब्द बोललो असू. सप्टेंबरमध्ये त्याने सही केली.

तिसरी सही बायकोची. हो, इथे अर्जावर जोडीदाराची सही मागतात, घटस्फोट झाला असेल तर दोन वर्षांच्या आतल्या आधीच्या जोडीदाराचीही. सही नसली तरी अर्ज जातो, फक्त ते तिला कळवतात. हिने अर्ज वाचला आणि म्हणाली, ‘तुका हय बंदूक कित्याक व्हयी? डुकरां खय हत?’ बरोबर होतं तिचं. गावी बाबांची दुनळी शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर होती. काजूच्या दिवसांत बाबा मांगरात राखणीला झोपायचे, रात्री एक बार वर आकाशात काढला की डुकरं आठवडाभर फिरकत नसत. त्या बंदुकीला काम होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठ महिने अर्ज फ्रिजवर पडून होता. मी तिच्या सहीशिवायही पाठवू शकलो असतो, पाठवला नाही. आज वाटतं, त्या आठ महिन्यांत आम्ही बंदुकीवर भांडलोच नाही. कोणी कोणाला इथे आणलं यावर भांडत होतो.

फॉर्मचा विषय निघालाच आहे तर हेही ऐक, रायफलीशी याचा संबंध नाही. मुलगा नऊ वर्षांचा होता, पुण्यात चौथीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेला, गोष्टींची पुस्तकं दोन दिवसांत संपवणारा. शाळेच्या प्रवेशअर्जात ‘घरी बोलली जाणारी भाषा’ असा रकाना होता. मी छाती काढून मराठी लिहिलं. तेवढ्यावरून एक चाचणी झाली. समोर अनोळखी बाई, पोरगं घाबरलेलं, तोंडातून शब्द फुटेना. दोन वर्षं त्याला रोज एक तास वर्गातून उठवून इंग्रजी न येणाऱ्या मुलांत बसवलं, तेही नेमकं विज्ञानाच्या तासाला. मी दोनदा भेटायला गेलो. दोन्ही वेळा हसून ऐकून घेतलं गेलं आणि एक माहितीपत्रक हातात दिलं. तिसऱ्यांदा गेलो नाही, ही माझी चूक. मला तेव्हा वाटायचं आपण पाहुणे आहोत, आवाज चढवू नये. आता तो चोवीस वर्षांचा आहे. मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देतो. त्या एका शब्दाऐवजी मी ‘इंग्रजी’ लिहिलं असतं तर काय झालं असतं, हे मी अजून रात्री हिशेब करून बघतो. तुम्हाला मूल होईल तेव्हा त्या रकान्यात काय लिहायचं ते मला विचारू नकोस.

तुला वाटेल काकांना विचारलं काय आणि सांगतायत काय. रायफलीवर येतो. लायसन्स मिळाल्यावर मी तीन वर्षांत पाच बंदुका घेतल्या. .22, बाराबोर, ती मूसवाली .30-06, मग .308, आणि एक थ्री-नॉट-थ्री. तीही तू घेशीलच, मला माहीत आहे. आपल्याकडे ती बंदी असलेल्या बोअरमध्ये येते, फक्त हवालदाराच्या खांद्यावर दिसायची आणि आपल्याला .315 वर समाधान मानायला लागतं. इथे तीच रायफल, ली-एनफिल्ड, मोकळी मिळते, ओंटारियोतल्या लाँग ब्रँचच्या कारखान्यात युद्धकाळात बनलेली. नळीच्या टोकावरच्या माशीतून नेम धरला की लहानपणी बघितलेली पोलीस परेड आठवते. बाकी काडतुसं महाग आणि काम काही नाही. घे, पण संग्रह पूर्ण करायला घेतोय असं म्हणू नकोस. मी प्रत्येक बंदूक पूर्ण करायलाच घेत होतो. शनिवारी दुकानात तासभर कोणीतरी माझ्याशी बोलायचं, आणि विकत घेतल्याशिवाय पुन्हा जायला अवघड वाटायचं.

2015 च्या सुमाराला तेलाचे भाव पडले, वर्कशॉप अर्धं झालं, माझी नोकरी गेली. फेब्रुवारी 2016 मध्ये मी दिवसच्या दिवस तळघरात बसून असे. बंदुका साफ करतोय असं सांगायचो. एके दिवशी कपाटाची किल्ली खिळ्यावर नव्हती. मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. आठवड्याने म्हाताऱ्याचा फोन आला, ‘कपाटात माझ्याकडे जागा आहे, थोडे दिवस तुझ्या इथे आणून ठेव.’ त्याला कोणी सांगितलं असेल हे विचारायची गरज नव्हती. गाडीत सगळ्या कुलूप लावून ठेवल्या, त्याच्याकडे दिल्या आणि परत येताना डॉक्टरची वेळ घेतली. जुलैमध्ये त्या परत आणल्या, तीनच. बाकीच्या दोन त्याच्या ओळखीने विकल्या.

लायसन्स पाच वर्षांचं असतं. 2018 ला नूतनीकरणाच्या अर्जात प्रश्न होते: नोकरी गेली का, नैराश्यावर उपचार घेतले का. दोन्हीवर ‘हो’ अशी खूण केली. फोन आला, त्यांनी बरंच विचारलं, मी सांगितलं. मग हिच्याशी बोलायचं म्हणाले. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, दार लावून घेतलं. मला लायसन्स मिळालं. त्या वेळी सही करायला तिला दोन मिनिटं लागली. मी विचारलं, आता कशी चटकन केलीस? म्हणाली, ‘किल्ली माझ्याकडेच आसा ना.’ अजून तिच्याकडेच आहे. शिकारीला जायच्या आदल्या रात्री मागून घेतो.

म्हणून म्हटलं, एकटं वाटतं का याचं उत्तर मला एका ओळीत देता आलं नाही. वर दिलंय ते खोटं आहे असं नाही, बूट खरंच चांगले घे.

आजोबांच्या दुनळीचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. यायच्या आधी तिचा परवाना कोणाच्या नावावर करायचा ते घरात बसून ठरव. आमची 2014 च्या लोकसभेला, दर निवडणुकीसारखी, ठाण्यात जमा केली होती. एप्रिलमध्ये बाबा गेले. भाऊ मुंबईत, त्याला नको होती, मी बाराव्याला येऊन परत गेलो. बंदूक तिथेच राहिली. जमा केल्याची पावती माझ्याकडे आहे, इथे, बाकीच्यांच्या कपाटात. नंबर पाठ आहे.

संदर्भाच्या दोन सह्यांपैकी एक मी देईन. पण त्यासाठी आधी तू मला माहीत व्हायला हवास, म्हणजे दर रविवारी येत जा. एडमंटनहून दीड तास लागतो. बायकोलाही आण, ही तिच्याशी बोलेल. आणि जाकिटावरचं माप कळव, माझ्याकडे एक आखूड दस्ता पडलाय.