एफडी मोडून 600 एमएमची लेन्स घ्यावी का?

नमस्कार. इतर वाचकांसाठी तुमचं पत्र आधी थोडक्यात मांडतो. बारामतीत खासगी कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार 46,000, घरखर्च 32,000, मुलीच्या शिक्षणासाठी महिना 5,000 ची एसआयपी आणि बँकेत 1,20,000 ची एफडी. कॅमेरा कॅनन 1500डी, सोबत 55-250 ची लेन्स. आता पक्ष्यांच्या फोटोंसाठी सिग्मा कंपनीची 150-600 हवी आहे (हे आकडे मिलिमीटरचे; आकडा जितका मोठा, तितकी लांबची वस्तू जवळ दिसते). दुकानात 95,000 सांगितले, तर एकाने हीच लेन्स वापरलेली 60,000 ला देऊ केली आहे. तुम्ही विचारता, एफडी मोडू की क्रेडिट कार्डावर 24 हप्ते पाडून घेऊ?

दोन्ही करू नका. लेन्स मात्र जरूर घ्या, पण वर्षभराने.

तुमची गरज खरी आहे, हे आधी सांगतो. 250 वरून 600 वर गेलात की त्याच जागेवरून पक्षी जवळजवळ अडीचपट मोठा दिसतो. भिगवणला होडीतून रोहित पक्ष्यांचा थवा 250 वर छान मिळतो, पण काठावरच्या खंड्याचा नुसता ठिपका येतो. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गवतात पळणारा धाविक तर आणखी लांब. दोन्ही ठिकाणं तुमच्या हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणजे लेन्स कपाटात पडून राहणार नाही. खर्चाच्या बाजूने हा सगळ्यात मोठा मुद्दा.

आता एफडी. 1,20,000 म्हणजे तुमच्या घराचा पावणेचार महिन्यांचा खर्च. खासगी नोकरीत सहा महिन्यांचा हवा, म्हणजे आधीच कमी आहे. त्यातून 95,000 काढले तर 25,000 उरतील, त्यात एक महिनाही निघणार नाही. हा पैसा नोकरीत खंड पडला तर घर चालवण्यासाठी आहे, त्याला हात लावू नका. एसआयपीलाही नाही.

कार्डाचा दर तुम्ही 15 टक्के लिहिलाय. त्या दराने हप्ता साधारण 4,600 बसेल आणि दोन वर्षांत साडेपंधरा हजार व्याज जाईल. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. म्हणजे 95,000 ची लेन्स जवळजवळ 1,14,000 ला पडली. दुकानदार 'नो कॉस्ट', म्हणजे बिनव्याजी हप्ते म्हणाला, तर रोखीने किती कमी करता एवढंच विचारा. बऱ्याचदा व्याज तिथेच लपलेलं असतं.

तुमच्या हिशेबात महिन्याला 9,000 शिल्लक दिसतात आणि ते 'कुठे जातात कळत नाही' असं तुम्हीच लिहिलंय. पगाराच्या दुसऱ्याच दिवशी 5,000 कापले जातील अशी 12 महिन्यांची आरडी, म्हणजे बँकेतली दरमहा भरायची ठेव उघडा. मुदत संपताना व्याजासह 62,000 च्या आसपास हातात येतील, म्हणजे वापरलेल्या लेन्सची सोय झाली. उरलेल्यातले किमान दोन हजार दरमहा आणीबाणीच्या पैशात टाका.

तोवर हा हिवाळा वाया घालवायचा नाही. पुण्यात हीच लेन्स दिवसाला 900 भाड्याने मिळते म्हणता, तर एका शनिवार-रविवारी घ्या आणि पहाटेच भिगवणला जा. जवळजवळ दोन किलोचं वजन आहे, होडीत ट्रायपॉड निरुपयोगी, सगळं हातावर. 600 वर ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र, 6.3 च्या पुढे उघडत नाही, त्यामुळे पहाटेच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) चढतो आणि फोटोत दाणे येतात. तुमच्या कॅमेऱ्याला फोकसचे नऊच बिंदू आहेत. उडत्या पट्टकादंबावर (हंसासारखा पाणपक्षी) फोकस टिकतो का, हे स्वतः बघा. अडचण कॅमेऱ्याची निघाली, तर ते 1,800 रुपयांत कळलं हे उत्तम झालं.

वापरलेली लेन्स घ्यायला काळ तुमच्या बाजूचा आहे. लोक मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळताहेत आणि तुमच्यासारख्या आरशाच्या, म्हणजे डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या लेन्स विकायला काढताहेत. पुढे तुम्हीही कॅननच्या मिररलेसवर गेलात, तर ॲडाप्टर लावून ही बहुतांशी चालेल. घेताना माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची खाच, कॅनन ईएफच आहे ना, ते बघा. याच नावाची निकॉनसाठीची लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर बसणार नाही. मोबाईलचा टॉर्च मागून धरा आणि पुढच्या काचेतून आत पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असो, सोडून द्या. 600 वर लांबच्या पाटीवर फोकस करून, फोटो मोठा करून कडा तपासा. मूळ बिल मागा, आगाऊ पैसे पाठवू नका. आरडीसोबतच हवाबंद डबा आणि सिलिका जेलचे चारपाचशे रुपयेही धरा, पावसाळ्यात ते लागतीलच.

फोटो विकून पैसे वसूल होतील, हे गणित मात्र कागदावरून खोडा. ही हौस आहे, आणि हौस म्हणून तिला पैसे ठेवणं पूर्ण योग्य आहे. पत्नीला अजून सांगितलं नाही असं लिहिलंत, तर आरडी उघडण्याआधी सांगा. महिन्याचे 5,000 दोघांच्या घराच्या शिलकीतून निघणार आहेत.