घाट रंगवू नकोस

पावसातला घाट बघून आलास, आता तो अमूर्त चित्रात कसा उतरवू, असं विचारलंस. अरे, उतरवू नकोसच. मोबाइलमधले फोटोही बाजूला ठेव. चार दिवस जाऊ देत, मग डोळ्यांत जे उरेल तेवढंच घे. मी एकदा वरंध्याहून परतलो तेव्हा ओला काळा कडा आणि त्यावर फुटलेला शेवाळाचा एक पट्टा, एवढंच उरलं होतं. महिनाभर तेच रंगवलं.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. रोलरने रंग चढवायचे, पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट पात्याने, तो खरवडून काढायचे, आणि त्याआधी बराच काळ नुसते बसून राहायचे. तुझं ते बसणंच राहून जातंय.

तैलरंगाचा खालचा थर टर्पेंटाइनने पातळ ठेव, वर जाताना तेल वाढव; उलट केलंस तर तडे जातात. थर बोटाला किंचित चिकटतोय अशा वेळी खरवडून बघ. खालून जो रंग डोकावतो, तो ठरवून आणता येत नाही. तो दिसला की हात थांबव. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेव आणि सकाळच्या उजेडातच पुन्हा बघ. ट्यूबलाइटखाली निळा फार फसवतो.