लेबनीज बेली डान्स: सुरुवातीला एवढंच बघा

आधी नर्तकी नादिया गमालच्या जुन्या चित्रफिती बघा. जन्म इजिप्तचा, पण नाव झालं लेबनॉनमध्ये. १९६८ साली ती तिथल्याच बालबेकच्या महोत्सवात नाचली. इजिप्शियन शैलीत हालचाल आतल्या आत मुरते. लेबनीज शैलीत छाती वर, भार चवड्यांवर, झटके मोठे आणि मोकळे. हा फरक डोळ्यांत बसला की पुढचं सोपं जातं.

नवीन मंडळी बहुतेक इथे चुकतात:

- लगेच उंच टाचा घालणं. तिथल्या बऱ्याच नर्तकी टाचांवर नाचतात हे खरं, पण तुम्ही आधी अनवाणी चवड्यांवर तोल सावरा.
- शिमी (कमरेची थरथर) करताना गुडघे आवळणं. ते सैल ठेवा. एक वाकतो तेव्हा दुसरा सरळ होतो, कंबर आपोआप थरथरते. वेगाची घाई नको.

मणीकामाची चोळी, मांडीपर्यंत चीर असलेला स्कर्ट फार सुंदर दिसतो, पण एवढ्यात घेऊ नका. नाण्यांचा स्कार्फ कमरेच्या हाडांवर, जरा खालीच बांधा; ताल चुकला की नाणीच सांगतात. आणि दरबुका, म्हणजे या नाचाला साथ देणारा हातढोल, रोज ऐका. घुमणारा ‘दुम’ आणि कडक ‘तक’ टाळीवर धरता आला की मला कळवा, मग सोलोकडे वळू.