कुलूप लागलेल्या घराचं आधी बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नव्या घराचा नकाशा मिळाला. बाबा मे अखेरीस निवृत्त होणार, मग सहा महिने डोंबिवली आणि सहा महिने राजापूरकडचं गाव. त्यासाठी जुनं कौलारू पाडून स्लॅबचं घर बांधायचं आणि हप्ता तू भरायचा, असा तुमचा बेत. मला विचारलंयस ते एवढंच, की स्लॅब बरा की कौलं. ते तुमचा गवंडी सांगेल. माझं म्हणणं वेगळं आहे. दोन घरं करणारी माणसं ज्या घरात राहायचं त्याचा विचार महिनोन्‌महिने करतात, आणि ज्याला कुलूप लागणार त्याचा करतच नाहीत. आणि दोनांतल्या एका घराला कुलूप हे असणारच.

आधी ते सहा-सहा महिन्यांचं गणित सोडून द्या. वर्ष असं मधोमध फाटत नाही. शिमग्याला गेलात की काजू, आंबे, रातांबे उरकून मृगाच्या आधी परत यायचं, गणपतीत पुन्हा जायचं, दिवाळीनंतर थंडीचे दिवस पुन्हा गावाला, असंच ते होतं. पावसाळा गावी काढायचा, असं बाबांच्या मनात असेल. पाऊस ओटीवर बसून बघायला चार दिवस छानच. पुढे कपडे वाळेनासे होतात, लाइट जाते आणि गुडघे बोलायला लागतात. वादळंही पावसाच्या तोंडावरच येतात. निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धनजवळ धडकलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला घासून गेलं. निसर्गनंतर दापोली-मंडणगडकडची कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. साठीपुढच्या दोघांनीच असे दिवस काढावेत, हे मला पटत नाही.

तारखा आधी ठरवायच्या त्या तिकिटांसाठीही. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपतीच्या गाड्या कशा भरतात ते तुला ठाऊकच आहे. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर फुकट, आणि बाई म्हणून आईला आत्ताही अर्धंच. राजापूर रोड स्टेशन गावापासून लांब, तेव्हा रात्री उतरायचं असेल तर ओळखीच्या रिक्षावाल्याला आधी फोन हवा.

आता कुलपाचं. डोंबिवलीचा फ्लॅट बंद राहिला की बाथरूमच्या जाळीखालचं पाणी आटतं, आणि त्या वाटेने वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर तेल सोडायचं, म्हणजे ते पाणी लवकर उडत नाही. पाण्याचा मेन कॉक आणि गॅस बंद. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार उघडं ठेवायचं. एक किल्ली शेजारी द्यायची, कारण खालच्या मजल्यावर गळती गेली तर सोसायटी तुम्ही राजापूरहून येईपर्यंत थांबणार नाही.

गावच्या घराला मात्र माणसाची ऊब लागते. पाऊसभर बंद ठेवून दार उघडलं की पहिल्यांदा येतो तो कोंदट वास. गाद्यांवर पांढरी बुरशी. मग कपाट सरकवलं की मागच्या भिंतीवर मातीची बोटभर रेघ थेट वाशापर्यंत चढलेली दिसते. ती नखाने खरवडली की आत वाळवीची धावपळ. वासा दिसायला शाबूत, अंगठ्याने दाबला की अंगठा आत. स्लॅबला वाळवी लागत नाही, असं गवंडी सांगेल. दाराच्या चौकटींना आणि कपाटांना लागतेच की. आणि आपल्याकडे स्लॅब घालणारा काही वर्षांत गळतीला कंटाळून त्यावर पत्रा चढवतोच. रस्त्याने जाताना बघत जा.

म्हणून घराआधी माणूस शोध. आठवड्यातून दोनदा दारं-खिडक्या उघडणारं, संध्याकाळी दिवा लावणारं, पावसाआधी पन्हळी साफ करणारं. भावकीतलं कुणीतरी बघेल, असं धरून चालू नका. दरमहा ठरलेले पैसे, ठरलेल्या तारखेला. ‘आपलाच आहे, आंबे नेईल की’ हा पगार नव्हे.

आईबद्दल तू चार ओळीही लिहिल्या नाहीस. नकाशात ओटीवर बाबांचा झोपाळा आहे, स्वयंपाकघर मात्र मागे, एक पायरी खाली उतरून. गावी पोचलं की पुरुष ओटीवर बसतात, गावकीच्या गप्पा सुरू होतात. बाई पहिल्या तासापासून डबे पुसते, जाळी काढते, भांडी घासते. परत आली की डोंबिवलीत तेच. दोन घरं म्हणजे तिला दोन स्वयंपाकघरं, आणि निवृत्ती कुठल्याच घरातून नाही. शिवाय तिची भजनाची मंडळी, तिचा दवाखाना, तिची भाजीवाली सगळी डोंबिवलीत. गावी ती साठीतही अमक्याची सूनच. कदाचित तिला गाव आवडतही असेल, मला माहीत नाही, पण हे तिला एकटीला गाठून विचार, बाबांसमोर नको. सलग किती दिवस राहावंसं वाटतं, तेही विचार. दर खेपेला दोघांनी मिळूनच जायला हवं असं कुठे आहे? आंब्याला बाबा आठ दिवस आधी एकटे गेले तर पिठलंभात त्यांनाही येईल. आणि मिक्सर, कुकर, चादरी, चष्मा हे सगळं दोन्हीकडे वेगवेगळं ठेवा. औषधं तेवढी सोबत, महिन्याच्या पुरवठ्यासह.

दवाखान्याचं आत्ताच बघून ठेव. प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे, तिथे सापाची लस असते का (फुरसं आपल्या कातळावर घराशेजारी निघतं), आणि विम्याचं जवळचं रुग्णालय रत्नागिरीत येतं की कोल्हापुरात. उत्तर कोल्हापूर आलं तर अणुस्कुरा घाट रात्री गाडीने चढायला कोण येणार, त्याचं नाव लिहून ठेव.

कागदपत्रांचं थोडक्यात. मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. गावच्या निवडणुकीसाठी तिकडेही ठेवूया, असं कुणी म्हणालं तर हो म्हणू नका. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो, त्यासाठी नोव्हेंबरात धावपळ नको. दोन्ही घरं स्वतःसाठी ठेवलीत तर प्राप्तिकरात दोन्हींचं घरभाडे उत्पन्न शून्य धरलं जातं. फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरला तर सोसायटीला बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेता येतं, सरकारी आदेश २००१ चा आहे. जास्त मागितलं तर तो दाखवायचा.

राहिला सातबारा. कर्ज विभागात माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे नकाशा बघण्याआधी माझे डोळे तिकडे जातात. तू पाठवलेल्या उताऱ्यावर आजोबांचं नाव आहे, खाली काकांची आणि आत्यांची. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या उताऱ्यावर, घर एकट्या बाबांच्या नावावर असलं तरी खालची जमीन सामाईकच. अशा जमिनीवर बँक कर्ज देणार नाही. स्वतःच्या पैशाने बांधशील तर उद्या भिंत तुझी आणि पाया सगळ्यांचा. वारस नोंदी पूर्ण करून घे, मग सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्या. आत्यांकडून गोड बोलून हक्कसोड लिहून घेऊ, असं काका सुचवतील. तू त्यात पडू नकोस. त्यांना हक्क सोडायचाच असेल तर त्या आपणहून सोडतील, आणि नसेल तर नव्या घरात माहेरवाशिणींसाठी एक खोली धर.

तोवर जुन्या घराची शाकारणी करून एक वर्ष राहून बघू दे दोघांना. बाकी विषय गणपतीत सगळे जमतील तेव्हा काढ, पण आरती आणि जेवण झाल्यावर. उपाशीपोटी आपल्याकडे जमिनीचं कुणी ऐकून घेत नाही.

तुझी,
मॅडम (काकू म्हणालास तरी चालेल)