न्यूयॉर्कच्या ज्यू हायस्कूलमधला पहिला हिवाळा

पहिल्या हिवाळ्यात सर्वांत आधी शुक्रवार सांभाळ. डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि शब्बाथचे (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा पवित्र विश्रांतीचा दिवस, त्यात लिहायचेही नसते) दिवे त्याआधी 18 मिनिटे लावायचे असल्यामुळे शाळा लवकर सुटते. गृहपाठ त्या संध्याकाळी करू, हा नवख्यांचा हिशेब हमखास चुकतो. सकाळची प्रार्थना, तालमुद (ज्यू धर्मनियमांवरील चर्चांचा प्राचीन ग्रंथ) आणि नेहमीचे विषय मिळून दिवस मोठा होतो, म्हणून बास्केटबॉल किंवा वादसभा यांपैकी एकच निवड. तालमुदमधल्या अवघड चर्चांची आत्ताच काळजी करू नकोस. शाळेच्या शब्बाथ-शिबिराला मात्र जाच, कारण माझ्या खऱ्या मैत्रिणी मला तिथेच मिळाल्या. तू-बिश्वात या वृक्षोत्सवाला आपल्या बेने इस्रायल (महाराष्ट्रातल्या ज्यू) घरांतल्या मलिद्याविषयी वर्गात अवश्य सांग. घरचा मलिदा नेण्यापूर्वी शाळेचा कोशरचा (ज्यू धर्माप्रमाणे चालणाऱ्या अन्नाचा) नियम तेवढा विचारून घे.