तुमचे प्रश्न : कुदुरो, हाऊस आणि लिस्बनचा एक ग्रुप

प्रश्न : मी नाशिकच्या एका ढोल पथकात आहे. भाच्याने बुराका सोम सिस्तेमा नावाच्या ग्रुपचं गाणं पाठवलं, एक शब्द कळला नाही पण पाय थांबेनात. तो म्हणतो आफ्रिकन ताल घेऊन त्यावर हाऊस म्युझिक चढवलंय. म्हणजे नक्की काय केलंय? आणि मला त्यात आपला ढोल ऐकू येतो, हा भास का?

उत्तर : ताई, पाय थांबेनात म्हणालात ना, तिथूनच सुरू करू. एक ते आठ सारख्या वेगात मोजत राहा आणि पाय फक्त एक आणि पाचवर आपटा. हा झाला हाऊसचा, म्हणजे क्लबात नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा ठोका, 1980च्या दशकात शिकागोच्या क्लबांमध्ये घडलेला, बास ड्रम सारख्या अंतराने पडतच राहतो. आता पाय तसाच चालू ठेवून टाळी द्या एक, चार आणि सातवर. तीन-तीन-दोन. टाळी आणि पाय फक्त एकवर भेटतात, चारची टाळी पाय पडायच्या आधीच येऊन जाते आणि सातची दोन पावलांच्या बरोब्बर मधे पडते, ही जी ओढाताण होते ना तिनेच अंग हलतं. ही विभागणी आफ्रिकेत सापडते आणि तिथून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ती कॅरिबियन बेटांवर आणि ब्राझीलमध्येही गेली.

ढोलाचं म्हणाल तर थेट नातं नाही. पण तुमचा कान बरोबर आहे, कारण ढोल ठोका धरून ठेवतो आणि ताशा मधल्या जागा भरत सुटतो, तशीच कामाची वाटणी तिथेही आहे.

भाच्याचं एक वाक्य मात्र मला पटत नाही. 'आफ्रिकन ताल घेऊन त्यावर हाऊस चढवलं' म्हटलं की वाटतं ताल आफ्रिकेचा आणि मशीन युरोपचं. तसं झालेलंच नाही हो. या ग्रुपने धरला तो कुदुरो नावाचा नाचाच्या संगीताचा प्रकार, आणि कुदुरो अंगोलाची राजधानी लुआंडामध्ये जन्मला तेव्हापासूनच इलेक्ट्रॉनिक आहे. यादवी युद्ध चालू असताना तिथल्या पोरांनी बाहेरून आलेलं हाऊस-टेक्नो ऐकलं, मिळेल त्या कीबोर्ड-कॉम्प्युटरवर त्याचे तुकडे घेऊन आपल्या तालात बसवले, वेग वाढवून पार मिनिटाला 140 ठोक्यांच्या आसपास नेला (हाऊस साधारण 120-125ला चालतं). कुदुरोची सुरुवात करणारा म्हणून टोनी अमाडोचं नाव घेतात. आणि हे पसरलं कशातून, तर कांदोंगेइरोतून, म्हणजे लुआंडाच्या निळ्या-पांढऱ्या शेअर टॅक्सी, आपल्याकडच्या वडापसारख्या. ड्रायव्हरने गाणं वाजवलं की अख्ख्या वस्तीला पाठ. ही मेहनत लुआंडाच्या पोरांची आहे आणि ती त्यांच्याच नावावर राहिली पाहिजे, मला हे मनापासून वाटतं.

अंगोला 1975पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होतं, आपला गोवा 1961पर्यंत होता तसंच. नंतरच्या युद्धात खूप अंगोलन लोक पोर्तुगालची राजधानी लिस्बनच्या कडेच्या वस्त्यांमध्ये येऊन राहिले, त्यातली एक बुराका, ग्रुपचं नाव तिथूनच आलं. 2006च्या सुमारास जुआव बार्बोझा, रुई पिते, अंगोलात जन्मलेला कालाफ आणि 'कंडक्टर' या टोपणनावाचा संगीतकार हे एकत्र आले, पुढे गायिका ब्लाया आली. त्यांचं गाजलेलं 'साउंड ऑफ कुदुरो' ऐका, त्यात ब्रिटिश गायिका एम.आय.ए. आहे पण लुआंडाचे झ्नोबिया, साबोरोझा आणि पुतो प्राता यांचीही नावं गाण्यावरच आहेत आणि व्हिडिओही लुआंडात शूट झालाय. मला हा ग्रुप आवडतो तो यासाठी, ज्यांचं घेतलं त्यांना सोबत घेऊन गेले.

प्रश्न : हा ग्रुप अजून वाजवतो का? – एक वाचक, पणजी

उत्तर : 2016ला लिस्बनमध्ये निरोपाचा मोठा कार्यक्रम करून थांबले. बार्बोझा आता ब्रांको नावाने एकट्याचं संगीत करतो आणि कालाफ लेखक झालाय, कादंबरीही लिहिलीये.

प्रश्न : मी मोबाईलवर ऐकलं, मला तर नुसती टकटक वाटली. – एक वाचक, सातारा

उत्तर : वाटणारच, मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचा बास बाहेरच पडत नाही, म्हणजे आपण वर टाळी दिली ती तेवढी ऐकू येते आणि पाय गायब. मी स्वयंपाकघरात फोन रिकाम्या पातेल्यात ठेवून बघितलं, आवाज मोठा झाला पण बास काही आला नाही. साधे वायरवाले हेडफोन लावा नाहीतर कुणाच्या गाडीत बसून ऐका, मग बोला.