टपकणारा नळ? वायसर स्वतःच बदल

साधा अर्ध्या इंची पितळी नळ टपकत असेल, तर बहुतेक वेळा आतला रबरी वायसर गेलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानात तो अगदी थोड्या पैशांत मिळतो. त्यासाठी प्लंबरची वाट बघू नकोस.

आधी त्या लाइनचा कॉक बंद कर. तो नसेल तर टाकीचा. नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ दे आणि सिंकच्या जाळीवर फडकं टाक, नाहीतर बारका स्क्रू आत गेलाच समज. मग नळाचा वरचा भाग पान्याने डावीकडे फिरव, पण दुसऱ्या हाताने नळ घट्ट धरून. मी पहिल्यांदा तो धरला नाही, आणि भिंतीतला गंजलेला एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, पिचला. टाइल फोडावी लागली.

वरचा भाग बाहेर आला की त्याच्या खालच्या टोकाचा वायसर काढ आणि त्यावर बोट फिरव: गोल खाच लागेल. पाणी तिथूनच येत होतं. दुकानात जाताना तो सोबत ने, म्हणजे माप चुकत नाही. वायसर ज्या पितळी कडेवर टेकतो तीही चाचपून बघ. ती खरखरीत झाली असेल तर नवा वायसर लवकरच झिजेल.

पूर्ण नळ बदलायचा असेल तर नव्या नळाचे आटे आपल्याकडे धरून त्यांवर टेफ्लॉन टेप (गळती रोखणारी पातळ पांढरी पट्टी) घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळ. उलटी गुंडाळलेली टेप बसवताना सुटते.

पाव फेरीत बंद होणाऱ्या नळांत सहसा वायसर नसतो, चकत्यांचं कार्ट्रिज, म्हणजे पाणी बंद करणारा आतला सुटा भाग, असतं. ते अख्खं बदलायचं. भिंतीतल्या गळतीला मात्र प्लंबरच बोलाव.